पाठकोऱ्या कागदाची वही



आत येताना प्रत्येकाच्या हातात जुन्या पेपरचं एकेक पान दिलंय. ते वाचत बसू नका, थोड्या वेळाने ते फाडायचंय. तोवर मांडीवर राहू द्या.

वापरलेल्या कागदातून घरच्या घरी वही कशी करायची, हा आजचा विषय. विषय साधा आहे, पण साधा म्हणजे सोपा नव्हे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं. आम्ही म्हणजे कुठली संस्था नाही. कुणी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, कुणी शाळेत शिकवतं, एक जण पूर्वी बाइंडिंगच्या दुकानात कामाला होते. रविवारी एकत्र बसतो आणि वह्या शिवतो, एवढंच.

मराठीत एक छान शब्द आहे, पाठकोरा. एका बाजूला लिहिलेला किंवा छापलेला, पण पाठीवर कोरा असा कागद. आपल्या आधीच्या पिढीत वाण्याची यादी, मुलांची गणितं, दुधाचा हिशोब, सगळं पाठकोऱ्यावर व्हायचं. लग्नपत्रिकेची मागची बाजू, महिना संपल्यावर फाडलेलं कॅलेंडरचं पान, कशालाच रजा नसायची. हा शब्द आता ऐकू येत नाही, कारण पाठकोऱ्याकडे कुणी कागद म्हणून बघतच नाही. एका बाजूला छापलं की तो संपला.

आणि निघोजेत तर हा कागद ढिगाने आहे. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडीच्या शिवारात महिंद्रा आणि फोक्सवॅगनचे मोटारींचे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने आणि वर्कशॉप, गोदामं, ट्रान्सपोर्टवाले. सगळं कॉम्प्युटरवर गेलं म्हणतात, पण डिलिव्हरी चलन, तपासणीचे तक्ते, शिफ्टचं वेळापत्रक, चुकलेली प्रिंट हे सगळं कागदावरच निघतं, आणि बहुतेक एकाच बाजूला. आपण प्रिंटरला जो नेहमीचा ए-फोर कागद वापरतो, पंचाहत्तर जीएसएमचा, त्याच्या पाचशे कागदांच्या पॅकेटचं वजन साधारण २ किलो ३०० ग्रॅम भरतं. एका टेबलावरून महिन्याला असं एक पॅकेट जरी पाठकोरं निघालं, तरी त्यातून ऐंशी पानांच्या बारा वह्या होतात. हा हिशोब पुढे करून दाखवतो.

आधी एका प्रश्नाचं उत्तर देऊ, कारण तो दरवेळी येतो. ‘तुम्ही रिसायकल म्हणता, मग कागद भिजवून, मिक्सरमधून काढून, चाळणीवर पसरून नवा कागद का करत नाही? व्हिडिओत तर तसंच दाखवतात.’

करून बघितलंय. मजा येते. पण तो कागद वहीचा नव्हे.

कागद म्हणजे काय? लाकडाचे, उसाच्या चोथ्याचे, कापसाचे बारीक तंतू भरपूर पाण्यात कालवायचे, चाळणीवर पसरायचे, पाणी निथळून गेलं की दाबून वाळवायचे. तंतू एकमेकांत अडकून बसतात, तोच कागद. लगदा परत केला की दरवेळी हे तंतू तुटतात, आखूड होतात. साधारण पाच ते सात वेळा झालं की त्यांच्यात धरून ठेवण्याची ताकद उरत नाही. म्हणजे कागदाला आयुष्य असतं आणि प्रत्येक लगद्यात त्यातला एक हप्ता खर्ची पडतो. घरी केलेल्या कागदाला वरून खळीचा हात दिला नाही, घोटला नाही, तर शाई फुटते, बॉलपेन रुततं. भेटकार्डाला, वहीच्या वेष्टनाला तो शोभून दिसतो. रोज लिहायला नाही.

शिवाय पाणी. मूठभर लगद्याला बादलीभर पाणी लागतं. आपल्या बंधाऱ्यावरून आंद्रा धरणाचं पाणी उचलून चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेतात आणि पिंपरी-चिंचवडला देतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याच इंद्रायणीवर कधी फेस येतो, तेही आपण बघतो. अशा नदीच्या काठावर बसून, ज्याची एक बाजू धडधडीत कोरी आहे तो कागद आधी पाण्यात बुडवायचा आणि मग त्याच्यावर लिहायला नवा कागद करायचा, हे आम्हाला पटत नाही. आधी कोरी बाजू संपवावी, मग खुशाल लगदा करावा.

लगदा टळतो असं मात्र आम्ही म्हणत नाही. वही भरली की ती रद्दीतच जाणार. तो फक्त पुढे ढकलला जातो, आणि मधल्या काळात एक वही विकत आणावी लागत नाही. दावा एवढाच. यातून आणखी एका शंकेचं उत्तर मिळतं. रद्दीवर ज्यांचं पोट आहे त्यांच्या तोंडचा घास आपण काढतोय का? पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, बाबा आढाव तिचे अध्यक्ष होते. तिचं नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावात पहिला कागद आहे, काच आणि पत्रा नंतर. आपली वही दोऱ्याने शिवलेली असेल, प्लॅस्टिक आणि गोंदाने बरबटलेली नसेल, तर वर्षभराने तोच कागद तितक्याच वजनाचा, स्वच्छ, परत त्यांच्या हातात जातो.

लगद्याची कला कमी लेखायची नाहीये. आपल्याच रस्त्यावर तिचं मोठं घराणं होतं. चाकणवरून नाशिक रस्ता धरा, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आणि तिथून डावीकडे जुन्नर. जुन्नरचा हातकागद पेशवाईत नावाजलेला होता, कागद करणाऱ्यांचं आडनावच कागदी. तिकडे दौलताबाद-खुलताबादजवळ कागदीपुरा म्हणून गावच आहे. हे लोक काय वापरायचे? चिंध्या, जुने दोर, गोणपाट. म्हणजे टाकाऊच. कुटून लगदा करायचे, खळ द्यायचे आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचे. अशा हातकागदावर लिहिलेले मोडी कागद पुण्याच्या दफ्तरात रुमालांत बांधलेले आहेत आणि दोन-अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतात. पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीत के. बी. जोशींनी या कामात जीव ओतला. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची, तिच्यासमोरच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. तिथे सुती कापडाच्या कतरणीपासून कागद होतो. ज्यांना लगदाच करायचाय त्यांनी एकदा जाऊन बघावं. चांगल्या कागदासाठी किती कुटावं लागतं हे कळलं, की मिक्सरचा मोह जातो.

आता आमचं पहिलं वर्ष. हे सांगायला बरं वाटत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जूनच्या आधी आम्ही उत्साहाने साठ वह्या केल्या. ओळखीच्या ऑफिसांतून पाठकोरे कागद आणले, पन्नास-पन्नासचे गठ्ठे केले, मोठ्या स्टेपलरने पिना मारल्या, वर खोक्याचा पुठ्ठा चिकटवला आणि एका शाळेत वाटल्या. फोटो काढले. पावसाळा लागला तशा पिना गंजल्या, तांबडे डाग पानापानातून उतरले. खोक्याचा पुठ्ठा ओलाव्याने फुगला, त्याच्या नळ्या दबून कव्हर लिबलिबीत झालं. हे सगळं चाललं असतं. पण पाचवीतल्या एका मुलीची वही वर्गात उघडली आणि तिच्या धड्याच्या मागच्या पानावर कुणाची तरी पगाराची स्लिप निघाली. नाव, कामाचे दिवस, ओव्हरटाइम, कापलेली उचल, हातात पडलेली रक्कम. वर्गाने ती मोठ्याने वाचली. ज्याची स्लिप होती तो माणूस त्याच मुलीच्या चाळीत राहणारा निघाला. मुलीने वही दप्तरातून काढून घरी लपवून ठेवली आणि आईला सांगितलं, मला ‘फुकटची वही’ नको.

आम्ही जाऊन साठच्या साठ वह्या परत घेतल्या. त्यांतल्या एकोणीस कागदांवर कुणाची ना कुणाची खासगी माहिती होती. त्या माणसाला भेटून माफी मागितली. तो काही बोलला नाही, चहा दिला. तो चहा अजून आठवतो.

तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, कागद तपासल्याशिवाय हातात सुई घ्यायची नाही. झेरॉक्सच्या दुकानातली चुकलेली प्रत म्हणजे निम्म्या वेळा आधार कार्ड, पॅन कार्ड किंवा बँकेचं पासबुक असतं. दवाखान्याचे रिपोर्ट, मुलांचे गुणपत्रक, फोन नंबरांच्या याद्या हे सगळं बाजूला काढायचं, बारीक फाडायचं आणि मग रद्दीत. कारखान्याचं ड्रॉइंग किंवा गिऱ्हाइकाच्या नावाचा तक्ता असेल तर तो आणायचाच नाही, कोरा असला तरी. आणि कागद आणताना तिथल्या साहेबाची लेखी परवानगी घ्यायची. भंगाराचा ठेका हा काय प्रकार आहे ते या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. चार किलो कागदावरून वाकडं यायला नको.

दुसरी गोष्ट, पाठकोऱ्याची वही आधी आपण वापरायची. शाळेत वाटायची नाही. गरिबाच्या पोराला छापलेली पाठ आणि आपल्याला कोरी डायरी, असं असेल तर ते वाटपच नव्हे. मुलांसाठी वेगळी वही करतो, तिच्याकडे येतोच.

कागद निवडताना आणखी काही वगळायचं. दुकानाची, एटीएमची गुळगुळीत पावती उष्णतेने छापलेली असते. त्या कागदावर रसायनाचा थर असतो, अक्षरंही उडून जातात. स्टिकरच्या मागचा चकचकीत कागद कशालाच चिकटत नाही. आणि आपल्या भागातली खास गोष्ट म्हणजे सुटे भाग गुंडाळून येतात तो तपकिरी, जरा मेणचट कागद. त्याला लोखंड गंजू नये म्हणून रसायन लावलेलं असतं. दिसायला मजबूत, कव्हरला फक्कड वाटतो, पण हाताळायच्या वस्तूला लावायचा नाही. मुलांच्या तर मुळीच नाही. तेलाचा डाग असलेलं काहीही नको.

बरं, आता तो पेपर घ्या हातात.

वरून खाली फाडा, बातम्यांच्या रकान्याच्या दिशेने. सरळ गेला ना? आता तोच तुकडा आडवा फाडा. बघा, वाकडातिकडा, दातेरी. ज्यांचा आडवाही सरळ गेला त्यांनी पट्टी लावली असणार.

असं का होतं? यंत्रावर कागद होताना लगद्याची चादर वेगाने पुढे पळत असते, आणि बहुतेक तंतू त्या दिशेला वळतात, ओढ्याच्या पाण्यात गवताच्या काड्या प्रवाहाला लागतात तसे. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने कागद सरळ फाटतो, सहज दुमडतो. आडवा दुमडला की घडी फुगून राहते, तिच्यावरचे तंतू तुटतात. आणि ओलं झाल्यावर तंतू लांबीला फारसा वाढत नाही, रुंदीला फुगतो. त्यामुळे ग्रेन जर वहीच्या पाठीला आडवा आला, तर खळ लावली की पाठ लाटांसारखी वेडीवाकडी होते. ग्रेन पाठीला समांतर हवा, वहीचं निम्मं शास्त्र एवढ्यात आलं. दुकानातली वही निमूट उघडी राहते आणि आपली घरची वही फणा काढते, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

आपल्या ए-फोर कागदात ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने असतो. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. जिकडे कमी अडतो, ती ग्रेनची घडी. आता गंमत अशी की आपण सगळे ए-फोर कागद मधोमध आडवा दुमडतो आणि शाळेच्या वहीचा आकार करतो. म्हणजे नेमका ग्रेनच्या आडवा. आम्हीही तेच केलं होतं.

मग कसं दुमडायचं? दोन आकार ग्रेनला मानवतात. पहिला, कागद उभा दुमडायचा, लांब बाजू लांबच ठेवून. साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ तीस सेंटिमीटर उंच. तुम्ही म्हणाल हा कसला आकार. अहो, ही वाण्याची खतावणी! लांबट, अरुंद, एका ओळीत नाव आणि पुढे आकडा. भिशीचा हिशोब, दुधाचा रतीब, घरभाड्याची नोंद, याला तिच्याइतकी सोयीची वही नाही. दुसरा आकार, ए-फोरचे आडवे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा परत मधोमध दुमडायचा. ही झाली शर्टाच्या खिशात बसणारी वही. आमच्यातले शिफ्टवाले हीच वापरतात. वीस कागदांत ऐंशी पानं. शाळेच्या वहीचाच आकार हवा असेल तर तोही करता येतो, ग्रेन आडवा आहे हे मान्य करून. त्यात घडी रात्रभर विटांखाली दाबायची, आणि पाठीला ओली खळ लावायची नाही.

छापलेली बाजू मात्र सगळ्यात अडचणीची. ती लिहिताना डोळ्यासमोर नाचत राहते. त्यावर उपाय आमच्या बाइंडर काकांनी दाखवला, आणि तोही इतका सोपा की आपल्याला का सुचला नाही याचं वाईट वाटलं. कागद दुमडताना छापलेली बाजू आत घ्यायची. आणि शिवायची ती मोकळ्या कडांची बाजू, घडीची नाही. म्हणजे घडी बाहेरच्या अंगाला येते, आपण पान उलटताना बोट लावतो तिथे. प्रत्येक पान दुहेरी, पिशवीसारखं, दोन्ही बाजू कोऱ्या आणि छपाई आत बंद. चीन-जपानकडची जुनी पुस्तकं अशीच बांधत. पान जाड झाल्यामुळे शाईही पलीकडे उमटत नाही. हिशोब करा. एका कागदाची दोन कोरी पानं, चाळीस कागदांची ऐंशी. पाचशेच्या पॅकेटमधून बारा वह्या, वर वीस कागद उरतात ते घडी चुकवण्यासाठी ठेवा. चुकतेच.

मात्र छपाई आत गेली म्हणून तपासणी सोडायची नाही. घडीत बोट घालून वाचणारं पोर प्रत्येक घरात असतं.

आता शिवण. चाळीस दुमडलेले कागद घ्या, घड्या एका बाजूला टेबलावर ठोकून एकसारख्या करा. दोन लाकडी पट्ट्यांत किंवा मोठ्या क्लिपांत आवळा. मोकळ्या कडेपासून एक सेंटिमीटर आत रेघ मारा, तिच्यावर सारख्या अंतरावर चार खुणा, वरची आणि खालची खूण टोकापासून दीड-दोन सेंटिमीटर आत. टोचा हातोडीने ठोकून आरपार भोकं पाडा. खाली लाकूड ठेवा, टेबल तुमचंच आहे. दोरा सुती आणि जाड, गोणी शिवायचा चालतो. लांबी वहीच्या उंचीच्या तिप्पट. मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या म्हणजे गुंतत नाही, ओल धरत नाही. दाभणात ओवा. मागून पहिल्या भोकातून वर या, दुसऱ्यातून खाली, तिसऱ्यातून वर, चौथ्यातून खाली. हा झाला धावदोरा. आता तसेच परत फिरा आणि सुटलेल्या जागा भरत या. तिसऱ्यातून वर, दुसऱ्यातून खाली, आणि मागच्या बाजूने पहिल्या भोकाशी. तिथे सुरुवातीचं टोक वाट बघतंय. प्रत्येक टाक्याला दोरा कडेच्या दिशेने आवळायचा, वर खेचायचा नाही, नाहीतर कागद चिरतो. दोन गाठी मारा. झाली वही. पिन नाही, गंज नाही, आणि कधी सोडवायची झाली तर गाठ कापली की कागद मोकळा.

अशा वहीची एक खोड आहे, ती सपाट उघडत नाही. कारण ती कडेला शिवलेली आहे, मधोमध नाही. टाक्याच्या रेघेपासून जरा पुढे पट्टी धरून पानावर चमच्याच्या दांड्याने एक खोल खूण दाबली तर बरीच सुधारते. ज्यांना अगदी सपाट उघडणारी वही हवी त्यांनी जुजबंदी शिकावी. जुज म्हणजे एकात एक घातलेल्या चार-पाच कागदांचा जुडगा. असे जुडगे मधल्या घडीतून शिवत एकमेकांना जोडतात. त्याला दोन्ही बाजूंनी कोरा कागद लागतो, आणि एका रविवारी ते येत नाही.

आता मुलांची वही. दरवर्षी एप्रिल संपला की प्रत्येक घरात अर्धवट वापरलेल्या वह्यांचा ढीग पडतो. इतिहासाची अर्धी, भूगोलाची पाऊण. कोरी पानं फाडून त्यांची रफ वही करणं हे काही आमचं डोकं नाही, ते मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण फाडलेली पानं सुटतात आणि जुलैपर्यंत दप्तरभर होतात. त्याचं कारण वहीच्या रचनेत आहे. मधोमध पिना मारलेल्या वहीत प्रत्येक कागद दुमडून दोन पानांचा झालेला असतो. शेवटचं कोरं पान ज्या कागदाचं आहे, त्याचंच दुसरं अंग म्हणजे पहिलं लिहिलेलं पान. त्यामुळे कोरी पानं काढली की ती एकेकटीच हाती लागतात, जोडीने नाही. अपवाद अर्ध्याहून कमी वापरलेल्या वहीचा. तिच्यात मधले कागद दोन्ही अंगांनी कोरे असतात, ते अख्खे निघतात. म्हणून फाडायचं नाही. आधी पिना उचकटायच्या, वही पसरायची, अख्खे कोरे कागद वेगळे, सुटी पानं वेगळी. अख्ख्यांची मधोमध शिवून वही होते. सुट्यांना वर सांगितलेला कडेचा धावदोरा.

आणि रेघा बघून घ्यायच्या. एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटीची, यांची खिचडी झालेली वही कुठल्याच बाईंना चालत नाही, आणि का चालावी? प्रकारानुसार लावली की ती वही दुकानातल्या वहीच्या शेजारी ठेवली तरी ओळखू येत नाही. मुलांना आम्ही तीच देतो. खरं म्हणजे देत नाही, मुलंच आपापल्या पानांतून शिवतात आणि कव्हरवर काय हवं ते काढतात. ज्या शाळेतून आम्ही साठ वह्या परत आणल्या होत्या, तिथेच हे पहिल्यांदा केलं. ती मुलगी आली होती. टाके आमच्यापेक्षा सरळ पडले तिचे.

याच ढिगात हल्ली आणखी एक गोष्ट सापडते. मार्च २०२३ मध्ये सरकारने दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची पानं घालायचं ठरवलं. मुलं तरी वेगळ्या वह्या नेतच राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. त्या दोन वर्षांतली पुस्तकं घरात पडून असतील तर उघडून बघा. ‘माझी नोंद’ म्हणून छापलेली पानं कित्येकांत स्पर्शही न झालेली आहेत. पुस्तक कुणा धाकट्याला उपयोगी असेल तर अर्थातच फाडू नका. नसेल, तर तो सरकारी खर्चाने आलेला कोरा कागद आहे.

कव्हराचं थोडक्यात. मालाच्या खोक्याचा नळीदार पुठ्ठा आम्ही सोडला. वापरायचाच असेल तर नळ्या वहीच्या पाठीला समांतर ठेवा, नाहीतर तो तिथेच मोडतो. त्यापेक्षा मिठाईचं खोकं, शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा, जुन्या पॅडची पाठ चांगली. पाठीवर जुन्या सुती साडीची किंवा लेंग्याची पट्टी, खळीने चिकटवलेली. खळ म्हणजे एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळायचं. बाइंडर लोक त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे, घरात मुलं असताना नको. ताजी खळ करा, दोन दिवसांत संपवा, आणि वही वजनाखाली पूर्ण वाळू द्या. जुलैत याला एक दिवस पुरत नाही.

मागे कुणीतरी विचारलं होतं, एवढा खटाटोप वहीसाठीच का? दिवाळीला दुकानदार वहीपूजन करतो, म्हणून म्हणा. किंवा असं म्हणा की इथून वरच्या अंगाला, याच नदीच्या डोहात, तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीत तुकोबा वह्यांसाठीच कासावीस झालेले असतात. खरं सांगायचं तर आम्ही इतका विचार केला नव्हता. कागद समोर पडलेला होता.

चला, आता बोलणं पुरे. मागच्या टेबलांवर पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे ठेवलेत, एकदा तपासलेले आहेत, तुम्ही परत तपासा. चौघांत एक टोचा आणि एक दाभण. लहान मुलांनी कागद दुमडायचे, भोकं मोठ्यांनी पाडायची. ज्यांना हिशोबाची वही हवी त्यांनी उभं दुमडा, खिशातली हवी त्यांनी कात्रीकडे या. कागदावर कुणाचं नाव, नंबर दिसला तर तो वहीत घालू नका, इकडे आणून द्या. फाडायचा डबा दाराशी आहे.